जहाजाचा पडदा चुकीचं दाखवू लागला तर कोण पकडेल? नेव्हिगेशन यंत्रणांची जोखीम तपासायची पद्धत

मागच्या पावसाळ्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीतला एक मुलगा घरी आला. थर्ड ऑफिसर म्हणून दोन कॉन्ट्रॅक्ट झालेली, पंधरा दिवसांत तिसऱ्यासाठी निघायचं होतं. मोबाइलवर एक फॉर्म उघडून म्हणाला, "काका, मागच्या जहाजावर नेव्हिगेशनचं रिस्क असेसमेंट मी भरलं होतं. जरा बघता का?"

पहिलीच ओळ होती एक्डिसची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या यंत्रणेची: एक्डिस बंद पडणे. शक्यता २, गांभीर्य ४, गुणाकार ८. उपाय: दुसरं एक्डिस उपलब्ध.

मी विचारलं, "दोन्ही एक्डिसना पोझिशन कुठून येते?"

"जीपीएसवरून."

"कुठल्या? जीपीएस दोन असतील ना?"

तो गप्प झाला. त्या जहाजावर अजून असलेल्या सेकंड मेटला त्यानं मेसेज टाकला. संध्याकाळी उत्तर आलं: दोन्ही एक्डिस जीपीएस एकवर. जीपीएस दोन चालू होता, पण त्याची वायर कुठल्याच यंत्राकडे गेलेली नव्हती.

फॉर्ममध्ये उपाय म्हणून जे लिहिलं होतं ते उपाय नव्हतंच. पहिला पडदा चुकीची जागा दाखवू लागला असता, तर दुसऱ्यानंही तीच चूक तितक्याच ठामपणे दाखवली असती. त्या रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर ब्राउन पेपर पसरून सगळं पहिल्यापासून मांडलं. तीच पद्धत इथे लिहितो. वॉच करणाऱ्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या पाळीवर असणाऱ्या, ऑफिसरांसाठी आहे, तळेगाव किंवा लोणी काळभोरच्या मरीन कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि किनाऱ्यावर बसून जहाजांचं ऑडिट करणाऱ्यांसाठीही.

आधी शब्दांपुरतं: एक्डिस म्हणजे कागदी नकाशाच्या जागी आलेली इलेक्ट्रॉनिक नकाशाची यंत्रणा. समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या सोलास कराराखाली आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांना ती २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. एआयएस म्हणजे जहाजानं स्वतःचं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत राहणं. जायरो म्हणजे विजेवर चालणारा, खरी उत्तर दाखवणारा कंपास. इको साउंडर म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली मोजणारं यंत्र. ब्रिज म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली. बाकी रडार, ऑटोपायलट ही नावं ओळखीची आहेत.

पहिली पायरी: यंत्रांची वंशावळ काढा

पुण्यात राहणाऱ्याला ही पायरी पटकन कळते. घरात पाच नळ असतात, गच्चीवर दोन टाक्या, खाली हौद. तरीही गुरुवारी पाणी बंद असलं की सगळे नळ एकदमच कोरडे पडतात, कारण पाणी शेवटी खडकवासल्याहूनच येतं. नळ किती आहेत ते मोजून पाणीपुरवठा किती भरवशाचा आहे ते कळत नाही. त्यासाठी पाइप मागे मागे नेत धरणापर्यंत जावं लागतं.

ब्रिजवरही हेच करायचं. मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला माहितीचे मूळ स्रोत लिहा: जीपीएस एक, जीपीएस दोन, जायरो, मॅग्नेटिक कंपास, पाण्यातला वेग मोजणारा लॉग, इको साउंडर, रडारचे अँटेना, आणि माणसाचे डोळे. उजव्या बाजूला ही माहिती वापरणारी यंत्रं लिहा: दोन्ही एक्डिस, दोन्ही रडार, एआयएस, ऑटोपायलट, व्हीडीआर (सफरीची नोंद ठेवणारा जहाजाचा ब्लॅक बॉक्स), संकटसंदेश पाठवणारे रेडिओ, सॅटेलाइट फोनचा अँटेना, ब्रिजवरची घड्याळं. मग बाण काढा. अंदाजानं नाही. इलेक्ट्रिकल ऑफिसरला (ईटीओला) बरोबर घ्या, कन्सोलची मागची झाकणं उघडा, वायरवरची लेबलं वाचा आणि जहाजावरच्या वायरिंगच्या ड्रॉइंगशी ताडून पाहा. ड्रॉइंग जहाज बांधलं तेव्हाचं असतं. त्यानंतर कोणी कुठलं यंत्र बदललं आणि कुठली वायर 'तात्पुरती' जोडली, ते त्यात सापडत नाही.

बाण काढून झाले की बहुतेकांना धक्का बसतो तो जीपीएसपासून किती बाण निघतात ते बघून. एआयएस तुमची जागा जीपीएसवरूनच सांगतो. अनेक जायरो वेग आणि अक्षांशाची दुरुस्ती करण्यासाठी आकडे जीपीएसकडूनच घेतात. रडारला लॉगऐवजी जीपीएसचा वेग जोडलेला असेल, तर समोरच्या जहाजाबद्दलचं गणितही त्यावरच उभं असतं. संकटाचं लाल बटण दाबल्यावर जी जागा प्रक्षेपित होते, तीही तीच.

वीज विसरू नका. कुठलं यंत्र कुठल्या ब्रेकरवर आहे, कुठलं यूपीएसवर, ब्लॅकआउट झाल्यावर कुठलं किती मिनिटं तग धरतं, हे वेगळ्या रंगाच्या पेनानं त्याच कागदावर लिहा.

मग खरी परीक्षा. जहाज धक्क्याला बांधलेलं असताना, कॅप्टनच्या परवानगीनं आणि सगळ्यांना आधी सांगून, जीपीएस एकचा अँटेना सोडवा. स्टॉपवॉच सुरू करा. कुठल्या यंत्रानं, किती सेकंदांनी, कुठल्या शब्दांत तक्रार केली ते लिहा. आणि कुठलं यंत्र काहीच बोललं नाही, ते मोठ्या अक्षरात लिहा. दहा मिनिटांच्या या चाचणीतून जे कळतं ते कुठल्याही मॅन्युअलमधून कळत नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक यंत्राला तीन प्रश्न

फॉर्ममध्ये सगळे लिहितात 'अमुक यंत्र बंद पडणे'. यंत्र बंद पडलं तर पडदा काळा होतो, सगळ्यांना दिसतं, सगळे कामाला लागतात. हा त्यातला कमी धोक्याचा प्रकार. म्हणून प्रत्येक यंत्राबद्दल तीन वेगळ्या ओळी लिहा. ते बंद पडलं तर काय? ते चालू राहून चुकीचं दाखवू लागलं तर काय? आणि ते बरोबर दाखवत असताना आपणच चुकीचं वाचलं तर काय?

दुसऱ्या प्रश्नासाठी मी प्रत्येकाला 'रॉयल मॅजेस्टी'ची गोष्ट सांगतो. जून १९९५. बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेलं प्रवासी जहाज, जहाजावर दीड हजारांहून जास्त माणसं. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल निखळली. जीपीएस बंद पडला नाही. उपग्रह दिसत नाहीत म्हटल्यावर तो शेवटची जागा, दिशा आणि वेग यांवरून अंदाजानं पुढची जागा काढू लागला. सूचना दिली ती सेकंदभराच्या बारीक आवाजाची, आणि पडद्यावर छोट्या अक्षरांत. ऑटोपायलट तीच जागा खरी मानून जहाज चालवत राहिला. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू बाजूला ढकलत होते. सुमारे ३४ तासांनी नँटकेटजवळच्या उथळ वाळूवर जहाज रुतलं तेव्हा ते ठरलेल्या मार्गापासून १७ सागरी मैल दूर होतं.

१७ भागिले ३४. तासाला अर्धा मैल. इतकी संथ चूक पडद्याकडे बघून कोणालाच जाणवत नाही. त्याच ब्रिजवर लोरान-सी नावाची वेगळी यंत्रणा चालू होती आणि ती बरोबर जागा दाखवत होती. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोणी पाहिले नाहीत. आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. एक बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, रडारवर अपेक्षित ठिकाणी 'दिसला' म्हणून स्वीकारला गेला, तो प्रत्यक्षात दुसराच बोया होता. पडद्यानं मनात एक जागा पक्की केली की डोळेही तिच्या बाजूनं साक्ष देऊ लागतात.

आज केबल निखळायचीही गरज नाही. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की स्वस्तातला जॅमर तो गाडून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे स्पूफिंग, म्हणजे खोटा सिग्नल पाठवून रिसीव्हरला भलतीच जागा पटवणं. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोवोरोसिस्कजवळच्या अनेक जहाजांना त्यांच्या जीपीएसनं थेट गेलेंजिकच्या विमानतळावर नेऊन बसवलं. जहाज विमानतळावर दिसलं तर कोणीही हसून पडद्यावरचा विश्वास काढून घेईल. भीती वाटते ती अशा खोट्या जागेची, जी खऱ्या जागेपासून फक्त अर्धा मैल सरकलेली आहे.

इथे एक बारकावा नीट समजून घ्या. ऑटोपायलट ट्रॅक कंट्रोलवर, म्हणजे जहाजाला आखलेल्या रेषेवर आपोआप ठेवण्यावर, असेल आणि खोटी जागा हळूहळू डावीकडे सरकत असेल, तर यंत्रणा जहाजाला उजवीकडे वळवत नेते, म्हणजे पडद्यावरचं जहाज रेषेवर राहावं. पडद्यावर अंतर शून्य दिसतं. मार्गापासून ढळल्याचा अलार्म वाजत नाही, कारण त्याच्या हिशेबानं तुम्ही ढळलेलेच नसता.

गॅलिलिओ, ग्लोनास, बैदू या जीपीएससारख्याच इतर उपग्रह यंत्रणांचे सिग्नल घेणारे रिसीव्हर मदत करतात. भारताच्या 'नाविक' या उपग्रह यंत्रणेलाही आयएमओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, २०२० मध्ये जागतिक रेडिओ-नेव्हिगेशन व्यवस्थेचा भाग म्हणून मान्यता दिली आहे. पण या सगळ्यांच्या लहरी जवळजवळच्या असतात, आणि ताकदवान जॅमर सगळ्यांना एकदम गप्प करू शकतो. कागदावर त्यांना पूर्णपणे वेगळे स्रोत म्हणून मोजू नका.

तिसरी पायरी: एक्डिसची सेटिंग तपासा, तीही आकडे मांडून

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवा. तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे आपणच चुकीचं वाचण्याची, सगळी बीजं इथे आहेत.

उदाहरण घेऊ. जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे ते पाण्यात किती खोल बुडालेलं आहे ते, ११.२ मीटर. उथळ पाण्यात वेगानं जाताना जहाज थोडं खाली बसतं, त्याला स्क्वॉट म्हणतात. मोकळ्या पाण्यासाठीचं नेहमीचं सूत्र घेतलं, ब्लॉक कोएफिशंट (जहाजाचा बुडालेला भाग किती चौकोनी आहे तो आकडा) ०.८ आणि वेग १२ नॉट (तासाला १२ सागरी मैल), तर ०.८ गुणिले १४४ भागिले १००, म्हणजे साधारण १.१५ मीटर. तळाखाली ड्राफ्टच्या १० टक्के पाणी हवं असा कंपनीचा नियम धरला, तर १.१ मीटर. झाले १३.४५.

इथे बरेच जण थांबतात. पण नकाशातल्या खोलीचा आकडा स्वतः किती खरा? प्रत्येक इलेक्ट्रॉनिक नकाशात सर्वेक्षणाची प्रत सांगणारा कॅटझॉक नावाचा थर असतो. 'बी' प्रतीच्या भागात खोलीत १ मीटर अधिक खोलीच्या २ टक्के इतकी चूक असू शकते, म्हणजे १५ मीटर पाण्यात १.३ मीटर. जागेतली चूक ५० मीटरपर्यंत. 'सी' प्रतीत जागेची चूक ५०० मीटरपर्यंत जाते, म्हणजे नकाशातला खडक प्रत्यक्षात अर्धा किलोमीटर बाजूला असू शकतो. तुमचा जीपीएस कितीही अचूक असो, खडकाची जागाच नीट मोजलेली नसेल तर त्या अचूकपणाचा काय उपयोग? १.३ मिळवल्यावर आपला आकडा झाला १४.७५. म्हणजे १५.

आता एक्डिसमध्ये सेफ्टी काँटूर, म्हणजे सुरक्षित आणि उथळ पाण्यामधली खोलीची रेषा, १५ टाका. नकाशात १५ ची रेषा नसेल आणि १० नंतर थेट २० ची असेल, तर यंत्रणा आपणहून त्यापुढची खोल रेषा, म्हणजे २०, धरते. परिणामी १५ ते २० मीटरचं सगळं सुरक्षित पाणीही धोक्याच्या निळ्या रंगात येतं. मार्ग त्यातून जात असला तर अलार्म वाजत राहतो. वॉचवरचा माणूस पहिल्या तासात तो वीस वेळा दाबून गप्प करतो, आणि एकविसाव्या वेळी खरा असला तरी बोट तसंच आपोआप जातं.

एका जहाजावर मी कॅप्टन म्हणून चढलो तेव्हा एक्डिसच्या स्पीकरवर तपकिरी पॅकिंग टेपचे तीन थर चिकटवलेले होते. कोणी लावले विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं. टेप इतकी जुनी होती की काढताना तुकडे पडले आणि खालचा चिकट थर काळा झालेला दिसला. म्हणजे किती ऑफिसर त्या टेपसमोर उभं राहून वॉच करून गेले असतील. मी त्यातल्या एकालाही आळशी म्हणणार नाही. सेटिंग अशी होती की टेप लावल्याशिवाय माणसाला विचार करणंच अशक्य व्हावं. म्हणून जोखीम लिहिताना 'ऑफिसर अलार्मकडे दुर्लक्ष करतो' असं लिहू नका. 'चार तासांच्या वॉचमध्ये किती अलार्म वाजतात' ते मोजा आणि तो आकडा लिहा. मग निरुपयोगी अलार्म कमी करा, आणि २० च्या रेषेच्या आत कुठपर्यंत जाता येतं ती मर्यादा हातानं नकाशावर आखा.

'ओव्हिट' या केमिकल टँकरचं उदाहरण या पायरीवर समोर ठेवावं असं आहे. १८ सप्टेंबर २०१३ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत तो वार्न नावाच्या उथळ पट्टीवर चढला. मार्गच पट्टीवरून आखला होता. आखणारा ऑफिसर नवखा होता, त्याचं काम कोणी तपासलं नव्हतं, सेफ्टी काँटूर अयोग्य होता आणि अलार्मचा आवाज येतच नव्हता. जहाज रुतलंय हे वॉचवरच्या ऑफिसरला कळायला १९ मिनिटं लागली. त्या ऑफिसरांना एक्डिसचं प्रशिक्षण मिळालेलं होतं. फॉर्ममध्ये 'सर्वांना प्रशिक्षण दिले आहे' हा उपाय दिसला की मला ती १९ मिनिटं आठवतात.

झूमचं प्रकरणही इथेच तपासा. पूर्ण झूम आउट केलं की नकाशातल्या बारीक गोष्टी गळतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीतली शिडाची नौका हिंदी महासागरातल्या कारगादोस काराहोसच्या प्रवाळरांगेवर आदळली. मोठ्या क्षेत्राच्या दृश्यात ती रांग धोका म्हणून कळून आली नव्हती. सुदैवानं सगळे खलाशी वाचले. मार्ग आखल्यावर एक्डिसचं आपोआप होणारं रूट चेक चालवा, आणि त्यानंतर संपूर्ण मार्ग योग्य स्केलवर डोळ्यांनी, बोट ठेवून, पुढे पुढे सरकवत पाहा. वेळ लागतो. तेवढा वेळ कामाच्या तासांत धरा, नाहीतर तो झोपेतून जातो.

चौथी पायरी: दुसऱ्या जहाजांबद्दल आपल्याला काय माहीत आहे

एआयएसवरची माहिती म्हणजे समोरच्यानं स्वतःबद्दल सांगितलेली माहिती. त्यातला ड्राफ्ट, मुक्काम, 'नांगरलेलं' की 'चालू' ही स्थिती माणूस हातानं टाकतो आणि बदलायला विसरतो. टक्कर टाळण्याच्या निर्णयासाठी रडारचं प्लॉटिंग आणि कंपासचं बेअरिंग (समोरची वस्तू कुठल्या दिशेला आहे तो कोन) हेच धरा, आणि रडारला वेग लॉगचा, म्हणजे पाण्यातला द्या.

आपल्या किनाऱ्याची जोखीम लिहिताना मात्र एआयएसवर न दिसणाऱ्यांपासून सुरुवात करा. मासेमारीबंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली की मुंबईपासून मालवणपर्यंत समुद्र होड्यांनी भरतो. लाकडी, फायबरच्या, कित्येकांवर एआयएस नाही. पावसाळी लाटांच्या कचऱ्यात त्यांचा रडारवरचा ठिपका एका फेरीत दिसतो, पुढच्या दोन फेऱ्यांत गायब. हा कचरा काढायचा म्हणून सी क्लटरचं बटण जास्त फिरवलं की होडीही पुसली जाते. एक रडार एक्स बँडवर आणि दुसरं एस बँडवर ठेवा. पहिलं लहान गोष्टी बारकाईनं दाखवतं, दुसरं पावसातून जास्त चांगलं पाहतं. आणि लुकआउटला, म्हणजे नजर ठेवणाऱ्या खलाशाला, ब्रिजच्या विंगवर (बाजूच्या सज्जावर) उभं करा, दुसरं कुठलंही काम न देता. त्या होडीतला दर्यावर्दी आपल्या जहाजाचा आकार बघून आपण त्याला पाहिलंय असं गृहीत धरतो. ते गृहीतक खरं ठरवणं आपल्या हातात असतं.

पाचवी पायरी: माणूस आणि बटणं

ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' आणि टँकर 'अल्निक एमसी' यांची टक्कर झाली. दहा नौसैनिक गेले. टचस्क्रीनवर स्टिअरिंगचा ताबा नकळत एका कन्सोलवरून दुसरीकडे गेला, आणि चाकावरच्या माणसाला वाटलं सुकाणूच निकामी झालं. सुकाणू चांगलं होतं. पुढे नौदलानं वेगाच्या नियंत्रणासाठी टचस्क्रीन काढून पुन्हा हातात धरायचे थ्रॉटल बसवायचं ठरवलं.

तपासायचं ते साधं आहे. नव्यानं चढलेल्या ऑफिसरला, काहीही न सांगता, या गोष्टी करून दाखवायला लावा: ऑटोपायलटवरून हातानं चालवण्यावर या, दुसऱ्या स्टिअरिंग पंपावर जा, एक्डिसवर पोझिशनचा स्रोत बदला, जीपीएस नाकारून रडारच्या बेअरिंग-रेंजवरून जागा टाका, रात्री पडदा मंद झालेला असताना त्याचा उजेड परत वाढवा. किती सेकंद लागले ते लिहा. सही घेतलेल्या फॅमिलरायझेशनच्या चेकलिस्टपेक्षा हे सेकंद जास्त सांगतात.

माणूस दमलेला असतो, घरच्यांशी बोलायला आसुसलेला असतो, हेही कागदावर यायला हवं. २०२० च्या जुलैमध्ये मॉरिशसच्या प्रवाळावर चढलेलं 'वाकाशिओ' मोबाइलचं नेटवर्क मिळावं म्हणून किनाऱ्याजवळ नेण्यात आलं होतं, आणि एवढ्या जवळ जायला लागणारा मोठ्या स्केलचा नकाशा वापरात नव्हता. सुमारे एक हजार टन तेल त्या निळ्या खाडीत सांडलं. जहाजावर सगळ्यांना पुरेल असं चांगलं इंटरनेट देणं हाही नेव्हिगेशनचाच उपाय आहे, असं मी मनापासून मानतो आणि असेसमेंटमध्ये लिहितोही.

सहावी पायरी: गुण द्या, पण मिनिटांचा रकाना जोडा

शक्यता गुणिले गांभीर्य, पाच बाय पाचचा चौकोन, सगळ्यांना पाठ आहे. त्यात एक कमतरता आहे: चूक लपून किती वेळ राहील ते त्यात येत नाही. म्हणून मी आणखी दोन रकाने जोडतो. एकात, ही चूक लक्षात यायला किती मिनिटं लागतील. दुसऱ्यात, त्या टप्प्यावर सर्वांत जवळचा धोका किती मिनिटांवर आहे.

समजा जहाज १२ नॉटनं चाललंय आणि सर्वांत जवळची उथळ जागा २ मैलांवर आहे. सरळ तिकडे तोंड केलं तर १० मिनिटं. भरलेल्या मोठ्या जहाजाला निर्णय घेऊन वळायला ४ मिनिटं धरा. म्हणजे चूक पहिल्या ६ मिनिटांत पकडली गेलीच पाहिजे. आता पॅसेज प्लॅनमध्ये, म्हणजे सफरीच्या लेखी आराखड्यात, स्वतंत्र साधनानं जागा तपासायची वेळ 'दर ३० मिनिटांनी' अशी असेल, तर शक्यता १ दिली काय आणि ५ दिली काय, त्या टप्प्यावर तुमच्याकडे उपाय नाही. खोल समुद्रात मात्र तीच ३० मिनिटं भरपूर होतात. म्हणून संपूर्ण सफरीसाठी एकच असेसमेंट करू नका. बर्थपासून पायलट उतरेपर्यंत, किनारी पाणी, सामुद्रधुनी, खोल समुद्र असे तुकडे करा आणि प्रत्येकाची मिनिटं वेगळी मांडा.

सातवी पायरी: उपाय असा लिहा की कोणी तो करू शकेल

'सतर्क राहावे', 'योग्य ती काळजी घ्यावी' ही वाक्यं खोडा. उपायात कोण, केव्हा आणि कशानं हे तिन्ही हवं. आणि तो उपाय पहिल्या पायरीच्या कागदावर वेगळ्या स्रोतातून आलेला हवा.

माझ्या मते सगळ्यांत चांगला आणि फुकटचा उपाय म्हणजे एक्डिसवर रडारचं चित्र चढवणं. किनारा रडारला दिसतो तो रडारच्या स्वतःच्या लहरींनी, त्यात जीपीएसचा हात नसतो. पण ते चित्र नकाशावर बसतं जीपीएसच्या जागेवर. म्हणून जीपीएस खोटा झाला की रडारचा किनारा नकाशाच्या किनाऱ्यापासून सुटतो, जुळ्या रेषा दिसतात. लगेच. तो फरक जायरोच्या चुकीमुळेही येऊ शकतो. सगळा किनारा एकाच कोनात फिरलेला दिसला तर जायरो बघा, सरळ सरकलेला दिसला तर जीपीएस.

रडारवर पॅरलल इंडेक्सची रेषा आखा, म्हणजे मार्गाला समांतर रेषा; किनाऱ्यावरची खूण तिच्यावरून सरकत राहिली तर जहाज मार्गावर आहे. मुंबईत शिरताना प्राँग्सचं किंवा कान्होजी आंग्रे बेटावरचं दीपगृह दिसतंय तर त्याचं बेअरिंग घ्या, पडद्यावर सगळं छान दिसत असलं तरी. इको साउंडरची खोली ठरावीक बिंदूंवर नकाशाशी ताडा, आणि तो जहाजाच्या तळापासूनची खोली दाखवतोय की पाण्याच्या पृष्ठभागापासूनची ते आधी पाहा. खोल समुद्रात सूर्य उगवताना त्याच्या बेअरिंगवरून जायरोची चूक काढा. ही जुनी कामं जुनी म्हणून नाही करायची. त्यांचं धरण वेगळं आहे, म्हणून करायची.

सायबरबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक पडताळणीपासून सायबर जोखीम जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापनात धरणं आयएमओला अपेक्षित आहे. ब्रिजवरची मुख्य वाट म्हणजे नकाशे अपडेट करायचा पेनड्राइव्ह. तो वेगळ्या रंगाचा ठेवा, दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावू नका, वापरण्याआधी स्कॅन करा, आणि एक्डिसच्या यूएसबीवर कोणी मोबाइल चार्ज करत असेल तर आजच थांबवा. जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्याची सुरुवात झाली होती दूर युक्रेनमध्ये, एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून.

आठवी पायरी: लिहिलेलं खरं आहे का, ते करून पाहा

दिवसा, मोकळ्या समुद्रात, कॅप्टन ब्रिजवर असताना एक तास जीपीएस नाही असं समजून चाला. एक ऑफिसर दुसऱ्या पडद्यावर खरी जागा गुपचूप पाहत राहील, वॉचवरचा रडार, बेअरिंग आणि खोलीवरून आपली जागा काढेल. तासाच्या शेवटी दोन्हींतला फरक मैलांत लिहा. पहिल्या वेळी फरक मोठा येतो. महिन्याभरात तीन वेळा केलं की कमी होतो, आणि तोच खरा आकडा 'उरलेल्या जोखमी'च्या रकान्यात टाका. किनाऱ्यावर असाल तर कॉलेजच्या सिम्युलेटरवर हेच करता येतं. तिथे जीपीएस हळूहळू सरकवायला सांगा, वर्गाला न सांगता. पडदा काळा करण्याचा सराव सगळेच घेतात.

कागदावर तारीख टाका. यंत्र बदललं, सॉफ्टवेअर अपडेट झालं, ड्राय डॉक झाला, नवा कॅप्टन आला, किंवा जहाज लाल समुद्र, होर्मुझ, काळा समुद्र अशा जॅमिंगच्या भागाकडे वळलं, की तो परत टेबलावर पसरायचा आणि बाण नव्यानं तपासायचे. आमचा तो मुलगा ब्राउन पेपरची गुंडाळी सुटकेसमध्ये घालून गेला. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला: "काका, धक्क्यावर अँटेना सोडवला. एक्डिस दोन्ही बोलले, रडारही बोलला, जायरो गप्प. ईटीओ बघतोय."